ॲलिटरेशन डोळ्यांनी शोधू नका

'लागोपाठचे शब्द एकाच अक्षराने सुरू झाले की ॲलिटरेशन होते.' इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वह्यांत ही व्याख्या हमखास सापडते, आणि ती चूक आहे. एकाच अक्षराने नव्हे, एकाच ध्वनीने. बदल एका शब्दाचा आहे, पण तो ध्यानात घेतला नाही तर कविता हातात घेऊन आपण नुसती अक्षरं मोजत बसतो.

'नाइफ'चं स्पेलिंग के पासून सुरू होतं, 'न्यूमोनिया'चं पी पासून आणि चिलटाला म्हणतात त्या 'नॅट'चं जी पासून. तोंडातून तिन्ही शब्द न घेऊनच बाहेर पडतात, त्यामुळे सुरुवातीच्या ध्वनीपुरते तरी तिघेही जुळतात. 'शुगर' आणि 'सॉल्ट' हे दोन्ही एस पासून सुरू होतात, पण त्यांचं ॲलिटरेशन होत नाही. 'सेशन्स' या एका शब्दात तर एस हे अक्षर चार वेळा येतं. पहिल्याचा उच्चार स, मधल्या दोहोंचा मिळून श आणि शेवटचा 'माझा'मधल्या झच्या जवळचा. अक्षर एक, ध्वनी तीन.

अक्षर ही कागदावरची खूण आहे, त्यापलीकडे काही नाही. नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादा जादा ए किंवा एन घातला की नशीब पालटतं असं सांगणारे अंकशास्त्री नेमकं हेच विसरायला लावतात. हाक मारणाऱ्याच्या तोंडी नाव होतं तसंच राहतं. खूण बदलल्याने ध्वनीसुद्धा बदलत नाही, मग दैव कुठून बदलणार?

आता खऱ्या गमतीकडे येऊ. 'पिन' आणि 'स्पिन' या दोन शब्दांतला पी सारखाच आहे का? पाचेक सेंटिमीटर रुंदीची पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरा आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्या कुणाला हे शब्द म्हणायला सांगा. 'पिन'ला कागद फडफडतो, 'स्पिन'ला जेमतेम हलतो.

पी म्हणताना ओठ मिटतात, त्यांच्यामागे हवेचा दाब वाढतो, ओठ उघडतात आणि हवा स्फोटासारखी बाहेर पडते. पुढच्या स्वरासाठी स्वरतंतूंचं कंपन सुरू व्हावं लागतं. ओठ उघडल्यापासून ते कंपन सुरू होईपर्यंतच्या वेळेला 'व्हॉइस ऑनसेट टाइम' म्हणतात. ली लिस्कर आणि आर्थर ॲब्रमसन यांनी १९६४ साली अकरा भाषांमधला हा वेळ मोजून प्रसिद्ध केला, आणि त्या अकरांत मराठीही होती. अमेरिकन इंग्रजीत शब्दारंभीच्या पीला सरासरी ५८ मिलिसेकंद, टीला ७०, केला ८०. या मधल्या क्षणात नुसती हवा वाहते आणि ती हसारखी ऐकू येते. इंग्रजी भाषकाचा 'पिन'मधला पी म्हणूनच आपल्या पपेक्षा, दोन्ही ओठ मिटून म्हटलेल्या 'फळ'मधल्या फच्या जवळचा असतो. एस नंतर मात्र ही हवा जवळजवळ नाहीशी होते आणि उरतो आपला साधा प.

मराठीने या दोघा संशोधकांना अडचणीतही टाकलं. प, फ आणि ब या एका मोजमापाने वेगळे काढता आले, पण ब आणि भ निघाले नाहीत. दोन्हींत कंपन ओठ उघडण्याआधीच सुरू झालेलं असतं. भचं वेगळेपण ओठ उघडल्यानंतरच्या हवेत आहे, ते या मापात येतच नाही.

एस नंतरचा पी म्हणजे आपला साधा प, हे संगणकावर पडताळता येतं. इंग्रजी भाषकाच्या आवाजातला 'स्पिन' ध्वनिसंपादनाच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडून लहर मोठी करून पाहा. सुरुवातीचा दाट, केसाळ पट्टा म्हणजे स. त्यानंतरची जवळपास सपाट रेघ म्हणजे ओठ मिटलेले असतानाची शांतता. मग एक बारीक उसळी, तो स्फोट. त्या सपाट रेघेच्या मध्यावर कापा, आधीचा भाग काढून टाका आणि उरलेलं वाजवा. इंग्रजी भाषकाला 'बिन' ऐकू येतं, कारण हवा नसलेला पी त्याच्या खात्यात बीमध्ये जमा होतो. प आणि ब लहानपणापासून वेगळे ऐकलेल्या मराठी कानाला तिथे प भेटायला हवा. कापताना सची शेपटी मागे राहिली तर फसवं ऐकू येतं, आणि स्फोटच कापला गेला तर पी ओळखू येत नाही. स्वतःचा आवाज वापरलात तर प्रयोग बहुधा फसेल, कारण आपण 'पिन'सुद्धा बिनहवेच्या पनेच म्हणतो.

याचा कवितेशी संबंध असा की ॲलिटरेशन कानाला कुठे जाणवतं ते आघातावर, म्हणजे शब्दाच्या कुठल्या भागावर जोर येतो त्यावर ठरतं. इंग्रजीत आघात असलेला शब्दावयव जास्त लांब आणि ठसठशीत असतो, आणि पी, टी, केची हवाही त्याच्याच सुरुवातीला सर्वांत जोरकस असते. 'पोटेटो'मध्ये आघात 'टे'वर आहे, म्हणून तो 'पेपर'पेक्षा 'टेबल'शी चांगला जुळतो. 'अगेन' आणि 'गोल्डन' यांचंही जुळतं, पहिला शब्द ए पासून सुरू होत असला तरी. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजी काव्यात यमकापेक्षा ॲलिटरेशनच ओळीला बांधून ठेवत असे, आणि तेही आघाताच्या अवयवांवरच मोजलं जाई. त्यात एस-पी, एस-टी, एस-के या जोड्या फक्त स्वतःशीच जुळत, सुट्या एसशी नाही. स्वर मात्र कुठलाही कुठल्याही स्वराशी चाले.

आपल्या कानाचे सापळे वेगळे. 'व्हेरी वेल' आपल्याला ॲलिटरेशन वाटतं, कारण दोन्हींसाठी आपल्याकडे एकच व आहे. इंग्रजीत पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठ नुसते गोल होतात. ध्वनी दोन, म्हणून ॲलिटरेशन नाही. 'थिन' आणि 'दिस' यांचं स्पेलिंग टी-एचने सुरू होतं, पण पहिल्यात स्वरतंतू स्तब्ध असतात आणि दुसऱ्यात कंपतात. अनुप्रास हा शब्दही जपून वापरावा. आपल्या काव्यशास्त्रातला अनुप्रास व्यंजनाची आवृत्ती शब्दात कुठेही मोजतो, त्यामुळे इंग्रजीतला कॉन्सोनन्स, म्हणजे शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी होणारी व्यंजनाची आवृत्तीही त्याच्या पोटात येते. असोनन्स म्हणजे स्वरांची आवृत्ती, आणि तिथेही स्पेलिंग दगा देतं. 'ब्रेड', मण्याला म्हणतात तो 'बीड' आणि 'ग्रेट' तिघांत ई-ए आहे, स्वर तीन निराळे.

कविता मनात वाचली तर हे सगळं वाया जातं का? नाही. एकाच ध्वनीने गच्च भरलेली वाक्यं मुकाट वाचतानाही वेग मंदावतो, हे १९८२ मध्येच दाखवलं गेलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आधीच्या ओळीतला ध्वनी पुढच्या ओळीत परत आला की आधीच्या ओळीतला शब्द वाचकांना लवकर ओळखता आला, आणि हे मनात वाचणाऱ्यांच्या बाबतीतही दिसलं. परतणारा ध्वनी मागची आठवण जागी करतो.

परीक्षेत कवितेवरचं उत्तर लिहिताना लिहायचं ते हेच. कवीने कोणते दोन शब्द एका ध्वनीने बांधले आणि त्यांच्या अर्थांत काय नातं आहे, ते शोधा. 'स स स आल्याने सापाचा भास होतो' हे वाक्य साप नसलेल्या कवितेत लिहू नका. ध्वनी आणि आकार यांत काही नातं आहे, हे खरं. २५ भाषांच्या भाषकांवरच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७२ टक्के लोकांनी 'बूबा' आणि 'किकी' या अर्थ नसलेल्या शब्दांपैकी 'बूबा' गोल आकाराला आणि 'किकी' टोकदार आकाराला दिलं. पण तो कल आहे, शब्दकोश नव्हे. रेशमाच्या वर्णनातला स सळसळतो आणि भांडणाच्या वर्णनातला फुत्कारतो. ध्वनी तोच असतो, फरक शेजारच्या शब्दांचा.