अण्णादुराई, कांजीवरम नटराजन

(१५ सप्टेंबर १९०९ – ३ फेब्रुवारी १९६९). तमिळ राजकीय नेते, लेखक, नाटककार व वक्ते. द्रविड मुन्नेत्र कळघम (द्रमुक) या पक्षाचे संस्थापक आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री. तमिळ माणूस त्यांना नुसते ‘अण्णा’ म्हणतो. तमिळमध्येही अण्णा म्हणजे थोरला भाऊच. कार्यकर्त्यांना लिहिलेल्या पत्रांत ते ‘तंबी’, म्हणजे धाकट्या भावा, अशी हाक मारत.

कांचीपुरमच्या एका साध्या विणकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मावशी राजामणी यांनी त्यांना वाढवले. परिस्थितीमुळे शिक्षण मध्येच सोडून त्यांनी काही काळ नगरपालिकेत कारकुनी केली. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयातून त्यांनी अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांत उच्च शिक्षण पूर्ण केले. १९३४ मध्ये तिरुप्पूरला द्रविड चळवळीचे नेते व समाजसुधारक पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांची भेट झाली आणि आयुष्याची दिशा ठरली. ते पेरियारांच्या नियतकालिकांत संपादनाचे काम करू लागले. शाळांतल्या हिंदीसक्तीविरुद्धच्या चळवळीत १९३८ मध्ये तुरुंगात गेले, आणि १९४२ मध्ये त्यांनी ‘द्रविड नाडु’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले.

अण्णांचे राजकारण त्यांच्या लेखणीपासून वेगळे काढता येत नाही. त्यांच्या तमिळमध्ये अनुप्रास आणि यमके एकावर एक रचलेली असत. जुन्या पंडिती भाषेचे वैभव त्यांनी चौकातल्या सभेत आणले, आणि सायकलरिक्षा ओढणाराही ते ऐकायला उभा राहिला. ‘वेलैक्कारी’ (मोलकरीण) आणि ‘ओर इरवु’ (एक रात्र) ही त्यांची नाटके पुढे चित्रपट म्हणूनही गाजली. ‘सेव्वाळै’ या कथेत मात्र अलंकारांचा सोस जवळजवळ नाही. एक गरीब शेतमजूर परसात तांबड्या केळीचे रोप लावतो. मुले रोज त्याच्याभोवती घुटमळतात, घड कधी पिकेल याचे बेत करतात. घड तयार होतो आणि जमीनदाराच्या घरच्या समारंभासाठी उचलला जातो. नंतर तीच केळी दुकानात टांगलेली मुलाला दिसतात, पण विकत घ्यायला त्याच्याकडे तेवढे पैसे नसतात. अण्णांचे समतेचे म्हणणे समजून घ्यायचे, तर कोणत्याही जाहीरनाम्याआधी ही कथा वाचावी.

मराठी वाचकाला त्यांचे ‘शिवाजी कण्ड हिंदू राज्यम्’ हे नाटक विशेष जवळचे वाटेल. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला झालेला वर्णाभिमानी विरोध हा त्याचा विषय. गागाभट्टाची भूमिका स्वतः अण्णा करत. व्ही. सी. गणेशन या तरुण नटाने साकारलेले महाराज पाहून पेरियारांनी त्याला ‘शिवाजी’ म्हटले, आणि तमिळ चित्रसृष्टीतला थोर नट जन्मभर शिवाजी गणेशन म्हणून ओळखला गेला.

गुरुशिष्यांत मतभेद होतेच. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस पेरियारांनी शोकदिन ठरवला. अण्णांना ते पटले नाही आणि त्यांनी तसे लिहिले. निवडणुका लढवाव्यात की नाही, यावरही दोघांचे जमत नव्हते. १९४९ मध्ये सत्तरीतल्या पेरियारांनी तरुण मणियम्मै यांच्याशी विवाह केला आणि त्यांच्या द्रविड कळघम या संघटनेत फूट अटळ झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये मद्रासच्या रॉबिन्सन पार्कमध्ये भर पावसात द्रमुकची पहिली सभा झाली. अध्यक्षाची खुर्ची पेरियारांसाठी रिकामी ठेवून अण्णा सरचिटणीस झाले. पेरियारांच्या कडव्या निरीश्वरवादाच्या जागी त्यांनी प्राचीन तमिळ शैव संत तिरुमूलरांचे ‘एकच कुळ, एकच देव’ हे वचन स्वीकारले.

१९६२ मध्ये कांचीपुरमला त्यांचा पराभव झाला, मात्र पक्षाने ५० जागा जिंकल्या. राज्यसभेत त्यांनी स्वतंत्र द्रविडनाडूची, म्हणजे दक्षिणेतल्या द्रविडांच्या वेगळ्या देशाची, बाजू मांडली. पुढच्याच वर्षी, चीनचे आक्रमण आणि फुटीरतेला मनाई करणारी सोळावी घटनादुरुस्ती या पार्श्वभूमीवर, ती मागणी त्यांनी सोडून दिली. आयुष्यभर मांडलेली मागणी उघडपणे मागे घेणे सोपे नसते. त्यांनी ते केले आणि राज्यांच्या स्वायत्ततेचा मुद्दा पुढे नेला.

१९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनाने राज्य पेटले. १९६७ मध्ये द्रमुकने २३४ पैकी १३७ जागा जिंकल्या, खुद्द काँग्रेसचे बडे नेते कामराज पडले आणि अण्णा मुख्यमंत्री झाले. जेमतेम दोन वर्षांच्या कारकिर्दीत पुरोहिताविना लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांना कायद्याची मान्यता मिळाली, शाळांतून हिंदी वगळणारे द्विभाषा धोरण आले आणि मद्रास राज्य ‘तमिळनाडू’ झाले. रुपयाला एक माप तांदूळ देण्याची योजना मात्र मोजक्या शहरांपुरती राहिली. डिसेंबर १९६८ मध्ये कीळवेणमणी येथे ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. ही घटना त्यांच्याच राजवटीतली, आणि तिचा उल्लेख टाळून ही नोंद पुरी होत नाही.

१९६८ च्या परदेश दौऱ्यात पोप पॉल सहावे यांना भेटून त्यांनी पोर्तुगालच्या कैदेत असलेले गोवा मुक्तिसंग्रामातील सैनिक मोहन रानडे यांच्या सुटकेसाठी शब्द टाकला. रानडे जानेवारी १९६९ मध्ये सुटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ फेब्रुवारीला, कर्करोगाने अण्णांचे निधन झाले. अंत्ययात्रेला लोटलेला जनसमुदाय दीड कोटींचा असल्याची नोंद गिनेस बुकने केली. मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे.