मखमल नावाचा धागा नसतो

परवा फॅमिली ग्रुपवर कोणीतरी लिलावातल्या एका तक्क्याच्या अभ्र्याचा फोटो टाकला. तुर्कस्तानातल्या बुर्साचा, 17व्या शतकातला, लाल रेशमी मखमल, पंख्यासारखी पसरलेली कार्नेशनची फुलं, दोन्ही टोकांना छोट्या कमानींची रांग आणि मधोमध चांगलाच झिजलेला. खाली किंमत. लगेच काकांचा मेसेज, "अशी मखमल आपल्या बाजारात मीटरवर मिळते की रे, कापूस, रेशीम तशीच मखमल, आणि हा तर फाटका, यात एवढं काय?" काकांना उत्तर टाइप करायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं आता नीट लिहूनच काढू.

तर काका, कापूस आणि रेशीम हे तंतू आहेत, मखमल ही विणण्याची रीत आहे. ती सुती असते, पॉलिस्टरची असते, रेशमाचीही असते. तुर्कांच्या उस्मानी (ऑटोमन) राजवटीत हिचं मोठं केंद्र बुर्सा. तुर्की भाषेत मखमलीला कादिफे म्हणतात आणि जरीकाम केलेल्या भारी मखमलीला चात्मा.

आता माझा आवडता भाग, जरा दम धरा. साध्या कापडात ताणा उभा आणि बाणा आडवा, शाळेत कागदी पट्ट्यांची चटई केली होती तसं. मखमलीत ताणे दोन. एक कापडाचं अंग धरून ठेवतो, दुसरा फक्त लवेसाठी, म्हणजे वरच्या मऊ केसाळ थरासाठी. विणकर थोडे बाणे टाकतो, मग लवेचा ताणा उचलतो आणि त्याच्याखालून बारीक सळई सरकवतो. परत बाणे टाकून ठोकले की लवेचे धागे त्या सळईवर कमान करून बसतात. सळईच्या वरच्या बाजूला लांबीभर खाच असते, तिच्यातून धारदार पातं ओढलं की सगळ्या कमानी एका रांगेत कापल्या जातात, सळई मोकळी होते आणि धाग्यांची टोकं उभी राहतात. एवढ्या खटाटोपात कापड पुढे सरकतं जेमतेम मिलिमीटरभर, आणि अभ्रा असतो मीटरभराहून लांब!

खरी गोची पुढेच आहे. या कमानींमुळे लवेच्या ताण्याला तळाच्या ताण्यापेक्षा पाच-सहा पट लांबी लागते. पण चात्मात सगळीकडे लव नसते, कुठे लव तर कुठे जरीची सपाट जागा. म्हणजे पाकळीतून जाणारा धागा भराभर संपतो आणि शेजारचाच, जरीच्या जागेतून जाणारा, फारसा खर्चच होत नाही. सगळे एकाच रुळावर गुंडाळले तर एक ताणून तुटणार आणि दुसरा लोंबणार. म्हणून नक्षीच्या मखमलीत लवेच्या प्रत्येक धाग्याला स्वतःची रीळ आणि स्वतःचं छोटं वजन, मागाच्या मागे अशा शेकडो रिळांची चौकट, आणि कुठला धागा कधी उचलायचा त्याच्या दोऱ्या ओढायला वेगळा माणूस.

बरं, एवढं करून मिळतं काय? तर रंग. रेशमाचा तंतू गोल नसतो, कापून बघितला तर गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा दिसतो. तो आडवा पडला की त्याच्या सपाट बाजूवरून प्रकाश आरशासारखा परततो, पैठणीची चमक ती हीच. मखमलीत तोच तंतू उभा असतो, टोक आपल्याकडे करून. प्रकाश तंतूंच्या मधे घुसतो, याच्यावरून त्याच्यावर आपटत खाली जातो. समजा एका धडकेत हिरवा निम्मा उरला आणि लाल 90 टक्के (आकडे फक्त समजण्यापुरते), तर चार धडकांनंतर हिरवा उरतो 6 टक्के आणि लाल 66. रंग तोच, डोह खोल. त्यात रेशमाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) साधारण 1.55, म्हणजे सरळ पडलेल्या प्रकाशातला 5 टक्क्यांच्या आसपास रंगाला न शिवताच पृष्ठभागावरून परततो, हाच पांढरट भाग आडव्या धाग्यावर रंग फिका करतो, उभ्या लवेत मात्र तोही बराचसा पुन्हा आत फेकला जातो. नाही कळलं तरी चालेल, सोफ्याच्या मखमलीवरून उलटा-सुलटा हात फिरवा, गडद-फिका पट्टा दिसेल. हे तेच.

संग्राहक मात्र आधी उलटी बाजू बघतात. बुर्साच्या अभ्र्यांत आतला बाणा बऱ्याचदा सुती सापडतो. कापड बुर्साचं की इटलीचं हे ठरवायला हे बघावं लागतं, कारण इटलीतले विणकरही उस्मानी गिऱ्हाइकांच्या आवडीची मखमल विणायचे आणि इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यातले काही कफ्तान (लांब झगे) चक्क इटालियन मखमलीचे आहेत. मग भिंगाखाली जर. पिवळ्या रेशमाच्या धाग्यावर चांदीची, वर सोन्याचा मुलामा दिलेली, केसाएवढी चपटी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. आपण हिला कलाबतू म्हणतो, तुर्क म्हणतात कलाप्तान. झिजलेल्या जागी पट्टी निघून नुसता पिवळा धागा दिसतो, काळपट दिसली तर ते सिल्व्हर सल्फाइड, चांदीवर चढणारा काळा थर. काकांना जे 'फाटकं' वाटलं ते एवढंच.

रंगातही आपला हात आहे! बुर्साच्या किरमिजी रंगासाठी भारतातून लाख जायची, राळ आणि रंग देणाऱ्या त्याच किड्याची. लाखेत लॅकाइक आम्ल असतं, केर्मीस किड्यात केर्मेसिक, मेक्सिकोच्या कोचिनील किड्यात कार्मिनिक. धाग्याचा एवढुसा तुकडा क्रोमॅटोग्राफीला (रंगातले घटक वेगळे करणाऱ्या चाचणीला) दिला की किडा कुठला ते कळतं. आणि कृत्रिम रंग निघाला तर तो धागा 1856 नंतर रंगवलेला, कारण पर्किन या रसायनशास्त्रज्ञाचा मॉव्ह हा जांभळा कृत्रिम रंग त्या साली आला.

याउलट विक्रेते जे 'कार्बन डेटिंग सर्टिफिकेट' नाचवतात त्याने फार हुरळून जाऊ नका. साधारण 1650 ते 1950 या काळात हवेतल्या कार्बन-14चं (ज्यावरून ही चाचणी वय काढते त्याचं) प्रमाण असं वरखाली झालंय की 1700चं रेशीम आणि 1880ची नक्कल त्यात वेगळी काढता येत नाही. 1955 नंतरचं रेशीम तेवढं पकडलं जातं, अणुचाचण्यांच्या कृपेने. "सुलतानाच्या दिवाणखान्यातला, शुभ असतो" हे विक्रेत्यांचं बोलणं तर सोडूनच द्या. आणि व्हॉट्सॲपवरची ती धागा जाळून केसाचा वास घ्यायची टेस्ट! ती फार तर रेशीम आहे का ते सांगेल, वय नाही, आणि जाळलेला धागा परत येत नाही.

काकांचा पुढचा मेसेज आला, "आमच्या आईची मखमली चोळी आहे ट्रंकेत, घडी घालून." काका, आधी घडी उघडा. घडीवर लव एकदा मोडली की उभी राहत नाही, इस्त्री तर लावूच नका. शिवलेली चोळी सपाट ठेवा, बाह्यांत आणि वळणांत आम्लविरहित टिश्यू पेपरच्या सैल वळ्या भरा, वर काही ठेवून लव दाबू नका.