एक दुकान, तीन पिढ्या आणि बरेच कागद : पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय कुटुंबगाथांची पार्श्वभूमी

पूर्व आफ्रिकेत घडणाऱ्या कुटुंबकादंबऱ्यांचा साचा आता ओळखीचा झाला आहे. आजोबा कच्छ-काठेवाडातून गलबताने मोंबासाला उतरतात आणि आतल्या मुलखात पत्र्याचे दुकान टाकतात. मुलगा नैरोबीत वखार काढतो, नातू लंडनच्या विमानात बसतो. मधे कुठेतरी सिंह येऊन जातो. वाचताना वाटते की ही माणसे स्वभावापायी, भाऊबंदकीपायी किंवा नशिबाने विखुरली. पण या घरांना गेलेले मोठे तडे बहुतेक वेळा कागदावर सापडतात : मजुरीचा करार, चलनाचा हुकूम, जमिनीचा पट्टा, जन्माचा दाखला. त्या कागदांच्या तारखा हाताशी असल्या की गाथेतली अर्धी कोडी सुटतात.

रेल्वेपासून सुरू होणारी गाथा निदान साठ वर्षे उशिरा सुरू होते. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने १८४० च्या सुमारास आपली राजधानी झांझिबारला हलवली, तेव्हा तिथल्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. सुलतानाला वर्षाला ठरलेली रक्कम द्यायची आणि बंदरातली जकात आपण वसूल करायची, असा हा व्यवहार. आयातीवर ५ टक्के हा दर सुलतानाने परदेशांशी केलेल्या तहांनी बांधून दिला होता, त्यामुळे मक्तेदाराचा नफा माल किती येतो यावरच ठरे. म्हणून मक्तेदारच व्यापाऱ्यांना कर्ज देई. लवंग, हस्तिदंत आणि कोपल राळ बाहेर जाई; आत येई ते मुख्यतः अमेरिकेतले जाडेभरडे कापड, स्थानिक भाषेत ‘मेरिकानी’. पुढे मुंबईच्या गिरण्यांच्या कापडानेही या बाजारात जागा केली.

या लोकांचे वर्ष वाऱ्यावर चाले. साधारण नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा ‘कास्काझी’ गलबते आफ्रिकेकडे नेई. एप्रिलनंतर नैर्ऋत्येचा ‘कुसी’ ती परत आणी. परतीचा वारा चुकला की पुढच्या वाऱ्यापर्यंत मुक्काम. कुटुंबगाथांतली ‘तिकडची दुसरी बायको’ बऱ्याचदा याच सक्तीच्या मुक्कामातून आलेली असते.

झांझिबारचा हा पैसा गुलामांच्या व्यापारातही गुंतलेला होता, हे बऱ्याच गाथा दोन ओळींत उरकतात. तिथला गुलामांचा बाजार बंद करणारा तह १८७३ चा. त्यासाठी आलेल्या ब्रिटिश शिष्टमंडळाचा प्रमुख होता बार्टल फ्रियर, मुंबईचा माजी गव्हर्नर. आरमाराने पकडलेल्या गलबतांवरून सोडवलेल्या काही मुलांना मुंबईत उतरवून नाशिकजवळच्या शरणपूरला मिशनच्या आश्रमात ठेवले जाई. तिथे त्यांना अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. आफ्रिकेत वारलेला मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शवाबरोबर १८७४ मध्ये इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट याच शाळेचा. पुढे नाशिकची ही मंडळी मोंबासाजवळच्या फ्रियर टाउन वसाहतीत स्थायिक झाली आणि ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखली गेली. आफ्रिकेत जन्मलेला, नाशिकला वाढलेला आणि पुन्हा आफ्रिकेत परतलेला पूर्वज ही महाराष्ट्राशी सर्वांत खरी जोडलेली गाथा, पण आपल्याकडे ती फारशी कोणी सांगत नाही.

आता रेल्वे. मोंबासाहून १८९६ मध्ये काम सुरू झाले, १८९९ मध्ये रूळ नैरोबीच्या पाणथळ माळावर पोचले आणि डिसेंबर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. मीटर गेज, सुमारे ९३७ किलोमीटर. हिंदुस्थानातून करारावर नेलेले मजूर ३१,९८३. त्यांतले २,४९३ मेले, ६,४५४ आजारी किंवा जायबंदी होऊन परत पाठवले गेले, ६,७२४ तिथेच राहिले. मार्गावरच्या त्सावो नदीकाठच्या दोन सिंहांनी १८९८ मध्ये धुमाकूळ घातला हे खरे, पण बहुतेक मृत्यू ताप, हगवण, चिघळलेल्या जखमा आणि अपघात यांचे होते. सामान ओढणारे बैल आणि खेचरे त्से-त्से माशीने मरत. पायाच्या नखाखाली घुसणारी ‘फुंझा’ पिसू वेळेवर सुईने काढली नाही तर बोट जाई.

कराराचा कागद इथेही बोलतो. त्सावोच्या पुलावर पाथरवटाला महिना ४५ रुपये आणि साध्या मजुराला १२ रुपये होते. साहजिकच छिन्नीला कधी हात न लावलेले बरेच जण पाथरवट म्हणून नोंदले गेले होते. इंजिनियरने कामाच्या मापावर मजुरी लावली तेव्हा ते उघडे पडले आणि तळावर बंडाळी झाली. कादंबरीकारांना सिंह दिसतो, हे दिसत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. रेल्वेमजूर पुढे दुकानदार झाला, ही कल्पना फार थोड्या घरांना लागू पडते. मजूर बहुतांशी पंजाबचे होते आणि बहुतेक जण परत गेले. दुकानदार मुख्यतः गुजराती. ते स्वतःच्या तिकिटाने, आधी आलेल्या नातलगाच्या बोलावण्यावरून आले. गोव्याची माणसे तिसऱ्याच वाटेने आली : कारकून, स्वयंपाकी, शिंपी म्हणून. पोर्तुगीज मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चाले, त्यामुळे हा किनारा त्यांना नवा नव्हता. केनियाच्या जनगणनेत गोवेकरांचा रकानाही ‘इंडियन’पासून वेगळा असे.

दुकान, स्वाहिलीत ‘दुका’, हे या गाथांचे खरे घर. पन्हळी पत्र्याची खोली, पुढे ओटा, ओट्यावर शिवणयंत्र घेऊन बसलेला शिंपी, मागच्या पडवीत संसार. विकायला मीठ, साखर, काड्यापेट्या, घासलेट, कांबळी, मणी, तांब्या-पितळेची तार आणि कापड. धान्य ‘किबाबा’ने मोजत, चार किबाब्यांची एक ‘पिशी’. कापड हाताने, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. ‘शुका’ दोन वारांचा, ‘डोटी’ चार वारांची. विकत घ्यायला मका, तीळ, कातडी, मेण. म्हणजे एकाच गिऱ्हाइकाला माल विकायचा आणि त्याच्याकडूनच पीक घ्यायचे. नफा दोन्ही बाजूंनी, आणि फसवणुकीचा आरोपही दोन्ही बाजूंनी. गोणीला ‘गुनिया’, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, हुंडीला ‘हुंडी’ आणि पैशाला ‘पेसा’ हे स्वाहिली शब्द याच ओट्यावर रुळले.

माल उधारीचा असे. मोंबासाचा आयातदार नैरोबीच्या घाऊक व्यापाऱ्याला काही महिन्यांच्या मुदतीवर देई, तो आतल्या दुकानदाराला, आणि दुकानदार गिऱ्हाइकाला सुगीपर्यंत. शेवटची कडी सर्वांत कच्ची, कारण आफ्रिकन गिऱ्हाइकाला दिलेली ठरावीक रकमेवरची उधारी न्यायालयातून वसूल करणे कायद्याने अवघड करून ठेवले होते. पाऊस चुकला की दुकानदार बुडे, त्याच्यामागे घाऊकवाला. म्हणून मोठी माणसे साखळीच्या सर्व कड्या आपल्याच हातात ठेवत. कच्छहून पोरवयात आलेल्या अल्लीदिना विश्राम यांनी रेल्वेमार्गावर आणि थेट युगांडापर्यंत दुकाने पसरली, ती याच हिशोबाने. १९१६ मध्ये ते वारल्यावर हा डोलारा फार टिकला नाही. शेजारच्या टांगानिकात (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) १९२३ साली सरकारने हिशोबासाठी गुजराती वह्या चालणार नाहीत असा नियम आणला, तेव्हा दुकानदारांनी हरताळ केला. ज्याची वही त्याची पत; वही वाचताच न येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती पत गेली असती.

या घरांना बसलेला पहिला मोठा तडाखा चलनाचा, आणि कादंबऱ्यांत तोच सर्वांत कमी दिसतो. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत आपला चांदीचा रुपया चाले, १५ रुपयांना एक पौंड. शेजारी जर्मन मुलखातही ‘रुपीये’च होता, १९०४ पर्यंत ६४ पेसांचा आणि नंतर १०० हेलरचा. महायुद्धानंतर चांदी भडकली आणि रुपया वर गेला. १९२० मध्ये सरकारने तो दोन शिलिंगांना बांधला, म्हणजे १० रुपयांना एक पौंड. मग त्याच भावाचे फ्लोरिन हे नाणे आणले आणि १९२२ पासून शिलिंग. हिशोब सोपा आहे. रुपयांत १५,००० चे देणे असलेल्या माणसावर काल १,००० पौंडांचे कर्ज होते, आज १,५०० चे झाले. त्याच सुमारास जगभर शेतमालाचे भाव कोसळले. घेणेकरी तरले, देणेकरी बुडाले, मग ते गोरे मळेवाले असोत की दुकानदार. मळेवाल्यांनी ही झळ खाली ढकलली : आफ्रिकन मजुरांची मजुरी एक तृतीयांशाने कापायचे ठरले. हॅरी थुकू या तरुण किकुयू (नैरोबीच्या आसपासची आफ्रिकन जमात) पुढाऱ्याची चळवळ त्यातूनच पेटली. मार्च १९२२ मध्ये त्याच्या अटकेविरुद्ध जमलेल्या जमावावर नैरोबीत गोळीबार झाला. १९१२ सालच्या दुकानातल्या गल्ल्यात शिलिंग खुळखुळू लागले, किंवा कोणी ‘केनिया कॉलनी’ म्हणू लागले, तर लेखकाचा गृहपाठ कच्चा समजावा. ते नाव १९२० चे.

जमिनीचा कागद आणखी स्पष्ट होता. १९०२ च्या कायद्याने गोऱ्यांना ९९ वर्षांचे पट्टे मिळाले, १९१५ मध्ये ९९९ वर्षांचे. उंचावरच्या थंड, सुपीक प्रदेशात भारतीयाला जमीन नाही, हे धोरण १९०८ पर्यंत पक्के झाले होते. ब्रिटिश सरकारच्या १९२३ च्या डेव्हनशायर श्वेतपत्रिकेने ते कायम ठेवले आणि विधिमंडळात गोऱ्यांना ११, भारतीयांना ५ निवडून द्यायच्या जागा दिल्या. आफ्रिकनांचे हित सर्वोपरि, हे वाक्यही त्याच कागदात आहे. त्यांच्या वतीने बोलायला मात्र एक नेमलेला मिशनरी. भारतीय घराणी शहरातच का राहिली, पैसा शेतीऐवजी इमारतींत का गेला, याचे उत्तर इथे आहे. ते पुढे महागात पडले.

दुकानाच्या ओट्याखाली उभ्या असलेल्या किकुयू कुटुंबाची गाथा याच काळात समांतर चालते, आणि चांगली कादंबरी ती वगळत नाही. ज्यांची जमीन मळ्यांत गेली ते त्याच मळ्यांवर ‘स्क्वॉटर’ म्हणून राहिले. १९१८ च्या कायद्याने त्यांना वर्षाला किमान १८० दिवस मालकाकडे राबणे बंधनकारक झाले. महायुद्धानंतर पुरुषांना ‘किपांडे’ आला : ठसे आणि नोकरीची नोंद असलेला कागद, गळ्यातल्या धातूच्या डबीत. त्या युद्धात हमाल म्हणून नेलेली हजारो माणसे परतलीच नाहीत. नैरोबीचा ‘करिओकोर’ आणि दार-एस-सलामचा ‘कारियाकू’ ही मोहल्ल्यांची नावे ‘कॅरिअर कोअर’ची, म्हणजे याच हमालांच्या पथकाची. १९५२ मध्ये आणीबाणी आली तेव्हा ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ बंडाच्या शपथा घेणाऱ्यांत स्क्वॉटरांची मुले मोठ्या संख्येने होती.

मग पासपोर्ट. इथे नीट थांबावे, कारण तिसऱ्या पिढीचे सगळे नाट्य यात आहे. कच्छ किंवा काठेवाडच्या संस्थानात जन्मलेला आजोबा ब्रिटिश प्रजाजन नव्हता, ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ होता. १९२० नंतर नैरोबी वसाहतीत आले, पण मोंबासासह किनारपट्टी सुलतानाकडून घेतलेला संरक्षित प्रदेशच राहिली. त्यामुळे एक भाऊ नैरोबीच्या इस्पितळात आणि दुसरा मोंबासाला आजोळी जन्मला, तर दोघांचा दर्जा वेगळा निघू शके. गोव्यात जन्मलेला शेजारी पोर्तुगीज. १९६१ नंतर त्याचेही कागद बदलले.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. स्वतः आणि आईबापांपैकी एक केनियात जन्मलेला असेल तर नागरिकत्व आपोआप. नसेल, तर दोन वर्षांत अर्ज करून आणि दुसरे नागरिकत्व सोडून नोंदणी. समजा, आजोबा १८९८ मध्ये आला, बाप १९१० मध्ये नैरोबीत जन्मला, नातू १९३६ मध्ये. नातू आपोआप केनियन, बाप नाही. बऱ्याच बापांनी मुदत संपत येईपर्यंत वाट पाहिली, कारण ब्रिटिश पासपोर्ट हा विमा वाटत होता. १९६७ मध्ये केनियाने परदेशी नागरिकांना व्यापाराचे परवाने आणि कामाचे परवाने लावले. फेब्रुवारी १९६८ अखेर ब्रिटनने अवघ्या तीन दिवसांत कायदा करून आईबाप किंवा आजी-आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले नसलेल्या पासपोर्टधारकांना अडवले; वर्षाला कुटुंबप्रमुखांसाठी प्रवेशाची १,५०० व्हाउचर. पासपोर्ट खरा, पण दार बंद. युगांडात इदी अमीनने ऑगस्ट १९७२ मध्ये ९० दिवसांची मुदत दिली, ती सर्वांच्या लक्षात आहे. त्याआधी डिसेंबर १९७१ मध्येच नागरिकत्वाचे सुमारे १२,००० प्रलंबित अर्ज त्याने रद्द केले होते, हे कमी लोकांना आठवते.

टांझानियात हकालपट्टी झाली नाही. तिथे एप्रिल १९७१ मध्ये इमारत-संपादन कायदा आला : एक लाख शिलिंगांवरची, भाड्याने दिलेली इमारत सरकारची. भरपाईचे प्रमाण इमारतीच्या वयाप्रमाणे घटत जाई, आणि दहा वर्षांहून जुनी असेल तर काहीच नाही. पैसा इमारतींत घातलेल्या घराण्यांनी दोन पिढ्या जे बांधले ते बहुतेक दहा वर्षांहून जुनेच होते.