छप्पन लाखांचा भागाकार

भाच्याची बायको इंदूरला रामबागेत आमच्याकडे आली ती हातात रिपोर्ट घेऊनच. "मामा, बघा ना, परत दहाच्याच घरात आहे." दोन वर्षं लोहाच्या गोळ्या चालू होत्या. पोट बिघडत होतं, हिमोग्लोबिन मात्र १०.८ वरून हलायला तयार नव्हतं. गोळ्या लिहून देणाऱ्यांनी दर वेळी तेवढा एकच आकडा पाहिला आणि गोळी बदलून दिली. मी त्याच्या खालची ओळ पाहिली. तांबड्या पेशी : एका घन मिलिमीटरला ५६ लाख. छप्पन हा आकडा खाऊगल्ली 'छप्पन दुकान'मुळे इंदूरकराच्या नजरेतून सुटत नाही, आणि इथे तर तो खटकलाच. बायकांमध्ये या पेशी साधारण ४० ते ५० लाख असतात. रक्त कमी आणि पेशी जास्त, हे कसं?

रक्त कमी आहे हे ओळखायला आपल्याकडे मोजमाप कधी लागलंच नाही. खालची पापणी ओढायची, नखं बघायची, जीभ बाहेर काढायला लावायची. आयुर्वेदाने तर आजाराचं नावच रंगावरून ठेवलं, पांडुरोग. पण फिकटपणावरून रक्त उतरलंय एवढंच कळतं. का उतरलं ते कळत नाही. त्यासाठी पेशी मोजाव्या लागल्या.

लेवेनहूकने १६७४ मध्ये आपल्या भिंगाखाली या पेशींचं वर्णन केलं. मोजल्या मात्र जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी. १८५२ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनला कार्ल फियरोर्टने बारीक नळीत मोजून रक्त घेतलं, काचेवर पसरलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजत बसला. एका मोजणीला तीन तास लागत. उत्तर आलं पन्नास लाखांच्या आसपास, म्हणजे आजच्या यंत्राला लाजवणारं. पुढे फ्रान्समध्ये मालासे आणि हायेम, इंग्लंडमध्ये गॉवर्स यांनी ठरावीक खोलीच्या, चौकोन आखलेल्या काचपट्ट्या आणल्या आणि तासांचं काम मिनिटांवर आलं.

ती काचपट्टी मी स्वतः वापरली आहे. ऐंशीच्या दशकात इथल्याच एका लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो. पिपेट म्हणजे मधे फुगा असलेली बारीक काचनळी. तिच्या फुग्यात लाल मणी असला की ती तांबड्या पेशींची, पांढरा असला की पांढऱ्या. बोट टोचायचं, रबरी नळी तोंडात धरून अर्ध्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं, मग हायेमचं द्रावण १०१ च्या खुणेपर्यंत. झालं दोनशेपट पातळ. त्या द्रावणात पाऱ्याचा क्षार असतो, आणि आम्ही ते तोंडाने ओढत होतो. एकदा तरी घोट न गेलेला त्या काळचा टेक्निशियन विरळाच. मग पिपेट हलवायची, पहिले थेंब टाकून द्यायचे आणि पुढचा थेंब न्यूबॉर चेंबरच्या, म्हणजे त्या चौकोनांच्या काचपट्टीच्या, कडेला टेकवायचा. काचेखाली तो आपोआप सरकत जातो. चार कोपरे आणि मधला अशा पाच घरांत मिळून ८० बारीक चौकोन. रेघेवर बसलेल्या पेशी दोन बाजूंच्या धरायच्या, दोन बाजूंच्या सोडायच्या, नाहीतर एकच पेशी दोन घरांत मोजली जाते. जी बेरीज येईल तिच्यापुढे चार शून्यं. ५०० मोजल्या तर ५० लाख.

म्हणजे दहा पेशी इकडच्या तिकडे झाल्या की उत्तर लाखाने हलणार. आणि त्या हलायच्याच. एकाच रक्ताची मोजणी आमच्यापैकी दोघांनी केली तर आकडा क्वचितच जुळे. हा दोष सगळाच हाताचा नसतो. पेशी चौकोनांत कशा विखुरतील हाही योगायोगाचा भाग असतो. या चुकीचं गणित १९०७ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने विल्यम गॉसेटने मांडलं. तो गिनेस कंपनीत होता आणि रक्ताऐवजी बिअरचं यीस्ट मोजत होता.

तरी नुसत्या मोजणीनेही एक कोडं समोर आलंच होतं. काही फिकट रुग्णांत पेशी जवळजवळ पुरेशा असायच्या, पण प्रत्येक पेशीत रंग कमी. उलट मारक पांडुरोगात (पर्निशियस ॲनिमिया) पेशी मोजक्याच, पण एकेक रंगाने गच्च. म्हणून हायेमने रंगाला संख्येने भागायला सुरुवात केली.

पुढचं पाऊल डॉक्टर मॅक्सवेल विंट्रोबचं. १९२९ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये त्याने एक साधी, खुणा केलेली काचेची नळी बनवली. तिच्यात न गोठलेलं रक्त भरायचं, जोरात फिरवायचं. पेशी तळाशी दाबून बसतात आणि शंभर भागांत त्यांनी किती जागा व्यापली ते सरळ वाचता येतं. समजा ४५. आता वाटीभर साबुदाण्याला दाण्यांच्या संख्येने भागलं की एका दाण्याचा आकार कळेल, तसंच हे. घन मिलिमीटरचे ४५ टक्के भागिले ५० लाख, उत्तर ९० फेम्टोलिटर. एक फेम्टोलिटर म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या बाजूंचा ठोकळा. रिपोर्टवर एमसीव्ही म्हणून येतो तो हाच आकडा. ८० ते १०० नेहमीचा. त्याखाली गेला की लोहाकडे बघा, वर गेला की बी-१२ किंवा फोलेटकडे. मुंबईत १९२८ पासून इंग्रज डॉक्टर लुसी विल्स गरोदर बायकांमधल्या ज्या रक्तक्षयाचा शोध घेत होत्या तो असाच, मोठ्या पेशींचा. तो लोहाने बरा होत नसे, यीस्टच्या अर्काने होई. त्यातूनच पुढे फोलिक ॲसिड सापडलं.

मग यंत्र आलं. शिकागोच्या वॉलेस कूल्टरला १९५३ मध्ये पेटंट मिळालं. युक्ती अशी : मिठाच्या पाण्यातून वीज जाते, पेशीतून जवळजवळ जात नाही. बारीक भोकातून पाणी वाहू द्या आणि वीजही. एकेक पेशी भोकात शिरली की विजेला अडथळा होतो आणि एक ठोका उमटतो. सुरुवातीचं भोक त्याने सिगारेटच्या पाकिटाच्या सेलोफेनला तापलेल्या सुईने पाडलं होतं, असं सांगतात. ठोके मोजले की संख्या मिळते. पण ठोक्याची उंची पेशीच्या आकारमानाप्रमाणे कमी-जास्त होते, खरी गंमत तिथे आहे. विंट्रोबने दाबलेल्या पेशी मोजल्या आणि आकार हिशेबाने काढला. कूल्टरचं यंत्र आकार मोजतं आणि दाबलेल्या पेशींचे टक्के हिशेबाने काढतं. भागाकाराचा गुणाकार झाला.

प्रत्येक पेशीचा आकार हाती आल्यावर सरासरीचा फसवेपणाही उघडा पडला. शाकाहारी घरांत लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असणारे पुष्कळ. निम्म्या पेशी लहान, निम्म्या मोठ्या, आणि एमसीव्ही ऐटीत ८८. पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते सांगणारा आरडीडब्ल्यू तेव्हा चढलेला दिसतो. १९१० मध्ये प्राइस-जोन्सने पेशींचे व्यास हाताने मोजून जो आलेख काढला होता, त्याचंच हे यांत्रिक रूप.

आता सुनेचा रिपोर्ट. एमसीव्ही ६३. लोह कमी असेल तर कच्चा मालच नाही, म्हणून पेशी लहान होतात आणि सहसा कमीही. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याच्या वाहकात लोह असतं, हिमोग्लोबिनची एक साखळी नीट बनत नाही. हाडांतली मज्जा मग लहान पेशींचा ढीग काढते. १९७३ मध्ये मेंट्झरने सुचवलं, एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने (५६ लाख म्हणजे ५.६) भागा; उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय घ्या. ६३ भागिले ५.६, सव्वाअकरा. सून माहेरची सिंधी, आणि त्या समाजात वाहक अधिक सापडतात. नुसत्या भागाकारावर निदान होत नाही, लोह कमी असूनही कोणी वाहक असू शकतं. म्हणून फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि वाहकात वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार ए-२ तपासायला सांगितलं. फेरिटिन व्यवस्थित, ए-२ पाच टक्क्यांच्या वर. साडेतीनपर्यंत ते ठीक मानतात. वाहक ती आहेच. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या.

दोघांना मूल हवं होतं, त्यामुळे खरा प्रश्न भाच्याचा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल, जन्मभर रक्त चढवावं लागेल. रिपोर्ट येईपर्यंत तीन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. भाच्याचा एमसीव्ही ८९ आला, ए-२ ही व्यवस्थित.

नंतर तिच्या माहेरची फाइल चाळली. कॉलेजात असतानाचा एक पिवळा पडलेला रिपोर्ट होता. हिमोग्लोबिनच्या आकड्याला लाल पेनाने गोल केलेला, आणि खाली, कोणीही हात न लावलेले, एमसीव्ही ६२, पेशी ५७ लाख.