प्रायमरी सापडत नाही, तेव्हाची तपासणी
रुग्ण आणि नातेवाइकांसाठी माहिती

"लिव्हरमध्ये सेकंडरी आहेत, पण प्रायमरी सापडत नाही." डॉक्टरांनी एवढं सांगितलं की घरचे लोक फाइल घेऊन आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये येतात. पेट स्कॅन झालेला असतो, एंडोस्कोपी झालेली असते, खर्चही बराच झालेला असतो. कुणीतरी सांगितलेलं असतं की आता जीनची टेस्ट करा, सगळं कळेल. सगळं कळेलच असं नाही. काय कळतं आणि काय नाही, ते पैसे भरण्याआधी वाचा.

कॅन्सर जिथे सुरू होतो ती प्रायमरी, तिथून पसरून दुसरीकडे बसतो ती सेकंडरी. कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी साधारण दोन ते पाच जणांत फक्त सेकंडरी हाती लागते. मूळ गाठ स्कॅनवर दिसणार नाही इतकी बारीक असू शकते, किंवा शरीरानंच ती जिरवलेली असू शकते. यात डॉक्टरांचा हलगर्जीपणा शोधू नका. मूळ शोधायचं ते औषधासाठी: आतड्याच्या कॅन्सरची केमो वेगळी, फुप्फुसाची वेगळी, प्रोस्टेटला तर हार्मोनची औषधं चालतात.

आधी आयएचसी

बायोप्सीच्या तुकड्याचे पातळ काप घेऊन त्यावर मार्कर (पेशीतली ठरावीक प्रथिनं दाखवणारे रंग) लावतात, ती आयएचसी. टीटीएफ-१ पॉझिटिव्ह आला तर फुप्फुस किंवा थायरॉइडकडे बोट जातं, सीडीएक्स-२ आला तर आतड्याकडे, गाटा-३ आला तर स्तन किंवा मूत्राशयाकडे. बरीच कोडी इथेच सुटतात, आणि मॉलिक्युलर, म्हणजे जीनच्या, तपासणीपेक्षा खूप कमी खर्चात. म्हणून आयएचसी झालेली नसेल तर आम्ही पुढची ऑर्डर घेत नाही.

मानेतल्या गाठीचं थोडं वेगळं आहे. आपल्याकडे ती आधी टीबीची समजून औषधं सुरू होतात, आणि त्यात महिने जातात. बायोप्सीत स्क्वॅमस (त्वचेसारख्या चपट्या पेशींचा) कॅन्सर निघाला तर पी-१६ (एचपीव्ही विषाणूची खूण) आणि ईबर (ईबी विषाणूची खूण) या दोन तपासण्या विचारून घ्या. पी-१६ पॉझिटिव्ह असेल तर टॉन्सिल किंवा जिभेचं मूळ बघायचं, ईबर पॉझिटिव्ह असेल तर नाकामागचा भाग. तिथे कान-नाक-घशाच्या सर्जनची दुर्बीण आमच्या मशीनपेक्षा जास्त कामाची.

मॉलिक्युलर म्हणजे दोन वेगळ्या तपासण्या

हा गोंधळ रोज होतो. पहिली तपासणी विचारते, "ही पेशी कुठली?" कोल्हापूरचा माणूस वीस वर्षं ठाण्यात राहिला तरी चार वाक्यांत ओळखू येतो, तशी यकृतात जाऊन बसलेली आतड्याची पेशी आतड्याचीच जीन चालू ठेवते. साधारण ९० जीन किती चालू-बंद आहेत ते मोजून, माहीत असलेल्या कॅन्सरच्या नमुन्यांशी ताडून बघतात. काही लॅब त्याऐवजी डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा वाचतात.

दुसरी तपासणी, एनजीएस (गाठीच्या जीनमधले बदल वाचणारी), विचारते, "औषध कुठलं लागेल?" ईजीएफआर, एएलके, बीआरएएफ, एनटीआरके या जीनमध्ये बदल सापडला किंवा एमएसआय (डीएनए-दुरुस्तीतल्या बिघाडाची खूण) दिसली तर त्यावरची गोळी किंवा इम्युनोथेरपी देता येते. एनटीआरके किंवा एमएसआयसाठी तर मूळ अवयव माहीत असण्याचीही अट नाही. आमचं मत विचाराल तर, बजेट एकाच तपासणीचं असेल तेव्हा एनजीएसचा विचार आधी करा. शेवटचा शब्द अर्थात तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचा.

फायदा किती? मूळ माहीत असलेल्या गाठींवर पहिली तपासणी ८५ ते ९० टक्के वेळा बरोबर येते. पण ज्याची प्रायमरी कधीच सापडली नाही त्याचं उत्तर पडताळायचं कशावर? म्हणून रिपोर्टात "पित्तनलिका, शक्यता ९० टक्के" असं आलं तरी ती शक्यताच समजा. जपानमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रिपोर्टावरून दिलेल्या उपचारानं आयुष्य ठळकपणे वाढलं नाही. २०२४ साली शांघायच्या १८२ रुग्णांच्या चाचणीत मात्र आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ ६.६ महिन्यांवरून ९.६ महिन्यांवर गेला. तीन महिने, बरं होणं नव्हे.

ब्लॉक सांभाळा

बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. सगळ्या तपासण्या त्यावरच होतात. सुईनं काढलेला तुकडा धाग्याएवढा असतो आणि प्रत्येक मार्करला त्यातला चार-पाच मायक्रॉनचा एक काप जातो. ठिकठिकाणी सेकंड ओपिनियन घेत तेच मार्कर पुन्हा पुन्हा लावले की ब्लॉक संपतो, आणि जीनच्या तपासणीला उरतं नुसतं मेण. मग पुन्हा सुई. तेव्हा आधीच्या रिपोर्टाचं प्रत्येक पान आणा.

हाडातून तुकडा घेणार असतील तर आधीच सांगा की पुढे जीनची तपासणी करायची आहे. हाड मऊ करायला तीव्र ॲसिड वापरलं की डीएनए-आरएनए खराब होतात. ईडीटीए वापरलं तर वेळ जास्त लागतो, पण नमुना वाचतो. आणि मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.

कधी करू नये

रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल आणि केमो झेपणारच नसेल, तर उत्तर मिळूनही त्याचं काही करता येत नाही. बाईच्या काखेत गाठ आहे, बाकी कुठे काही नाही आणि बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) आहे, तर डॉक्टर स्तनाचा कॅन्सर धरूनच उपचार करतात; तिथेही बहुतेक वेळा गरज नसते. डॉक्टरांना सरळ विचारा: "रिपोर्ट आल्यावर तुमचं औषध बदलणार आहे का?" नाही म्हणाले तर पैसे ठेवा. "मुलांना होईल का?" याचं उत्तर या तपासणीत नाही, त्यासाठी रक्ताची आनुवंशिक तपासणी वेगळी असते.

आमच्याकडे येताना

आयएचसी आम्ही इथेच करतो. मॉलिक्युलर तपासणी मोठ्या लॅबकडे जाते, रिपोर्टाला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. येताना ब्लॉक, स्लाइड, बायोप्सी आणि स्कॅनचे रिपोर्ट, आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. ब्लॉकमध्ये पुरेशा कॅन्सरपेशी आहेत का हे आमचे पॅथॉलॉजिस्ट आधी बघतात. नसतील तर तपासणीचे पैसे घेत नाही. रिपोर्टाबरोबर उरलेला ब्लॉक सही घेऊन परत देतो. तो घरी थंड, कोरड्या जागी ठेवा आणि कुठे ठेवला ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.