शांतिसेनेतून परतलेल्या सैनिकाचा ताप

ग्वाल्हेरच्या लष्कर किंवा मुरार भागातील एखाद्या मराठी घरातला मुलगा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी निवडला जातो, तेव्हा घरच्यांच्या मनात गोळीबाराची धास्ती असते, आणि तो सुखरूप घरी पोहोचला की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. वैद्यकीय दृष्टीने हा सुस्कारा थोडा लवकर टाकलेला असतो. आजवर भारताचे अडीच लाखांहून अधिक सैनिक या मोहिमांवर गेले असून काँगो आणि दक्षिण सुदान येथे मोठ्या तुकड्या राहिल्या आहेत. तेथील काही आजार सैनिकाच्या शरीरात शिरल्यानंतर त्याची मोहीम संपेपर्यंत, किंवा त्यानंतरही बराच काळ, मुळीच जाणवत नाहीत.

यांपैकी सर्वांत महत्त्वाचा आजार म्हणजे हिवताप. आपल्याकडे हिवताप म्हटले की हुडहुडी, गोळ्या आणि आठवडाभर अशक्तपणा एवढेच डोळ्यांसमोर येते, कारण आपल्या भागात बऱ्याचदा आढळणारा व्हायव्हॅक्स परजीवी तुलनेने सौम्य असतो. मध्य आफ्रिकेत मात्र फॅल्सिपॅरम या परजीवीचे राज्य आहे. त्याने ग्रासलेल्या रक्तपेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, त्यामुळे मेंदू व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि उपचार लांबला तर काही दिवसांतच रुग्ण दगावतो. तेथे वाढलेल्या प्रौढांना वारंवारच्या संसर्गामुळे जी अंशतः प्रतिकारशक्ती मिळते, ती ग्वाल्हेरहून गेलेल्या तरुणाकडे नसते, मग तो कितीही कसलेला असो.

2003 मध्ये लायबेरियात उतरलेल्या अमेरिकी दलाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. किनाऱ्यावर गेलेल्या 290 जणांपैकी 80 जणांना हिवताप झाला. त्यांना मेफ्लोक्विनच्या प्रतिबंधक गोळ्या दिलेल्या होत्या, परंतु नंतरच्या तपासणीत अनेकांच्या रक्तात औषधाचे प्रमाण अपुरे आढळले. डासरोधक मलम आणि औषध लावलेले गणवेश यांचा वापरही फारच थोड्यांनी केला होता. साधने नव्हती असे नाही, ती वापरली गेली नाहीत. माझ्या मते प्रतिबंधाचे कोडे औषधशास्त्रापेक्षा शिस्तीचे अधिक आहे.

डासांपासून संरक्षणाच्या बाबतीत आपल्या शहराचाही वाटा आहे. झाशी रोडवरील डीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने डेपा हे डासरोधक रसायन विकसित केले, कारण जगभर वापरल्या जाणाऱ्या डीट या रसायनासाठी लागणारा कच्चा माल भारतात सहज मिळत नव्हता. मलम उघड्या त्वचेवर, परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर आणि रात्री औषधयुक्त मच्छरदाणी, अशी ही तिहेरी तटबंदी आहे. हिवतापाचा ॲनॉफिलिस डास प्रामुख्याने रात्री, विशेषतः मध्यरात्रीनंतर चावतो, म्हणून पहाऱ्यावरील सैनिकाला मच्छरदाणीचा आधार नसतो आणि त्याच्यासाठी बाह्या खाली ओढलेला गणवेश व मलम हेच खरे कवच ठरते.

आता परतीनंतरच्या गोळ्यांविषयी. डासाने सोडलेला परजीवी प्रथम यकृतात जातो, तेथे सुमारे आठवडाभर गुपचूप वाढतो आणि मगच रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन ही औषधे त्याला मुख्यतः रक्तात गाठतात. निघण्याच्या आदल्या रात्री डास चावला असेल, तर परजीवी रक्तात येईल तेव्हा सैनिक ग्वाल्हेरला घरी असेल. म्हणूनच ही औषधे परतल्यानंतरही चार आठवडे घ्यावी लागतात. नेमक्या याच काळात सुटी असते, लग्नकार्ये असतात, आणि रोजची गोळी द्यायला कोणी हवालदार नसतो.

मग सप्टेंबरात ताप येतो. गणपतीचे दिवस असतात, शहरात डेंग्यूची साथ असते, आणि गल्लीतले डॉक्टर साहजिकच डेंग्यूची तपासणी सांगून पॅरासिटामॉल देतात. त्यात त्यांचा दोष नाही. रुग्ण आफ्रिकेतून आला आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. परतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आलेला कोणताही ताप अन्यथा सिद्ध होईपर्यंत हिवतापच मानावा आणि त्याच दिवशी रक्ताची काच तपासून घ्यावी. पहिली काच निर्दोष निघाली तरी बारा ते चोवीस तासांनी पुन्हा तपासणी हवी, कारण सुरुवातीला परजीवींची संख्या फार कमी असू शकते. आफ्रिकेतील ओव्हाले हा दुसरा परजीवी तर यकृतात महिनोन्‌महिने सुप्त राहतो. त्याला संपवणारे प्रायमाक्विन देण्यापूर्वी जीसिक्सपीडी या विकराची तपासणी करावी लागते, अन्यथा काही व्यक्तींच्या रक्तपेशी फुटू लागतात.

पीतज्वराची बाजू त्या मानाने सोपी आहे. प्रवासापूर्वी किमान दहा दिवस लस घेतली की काम होते, आणि 2016 पासून तिचे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे, त्यामुळे विमानतळावर प्रमाणपत्राचा आग्रह धरला जातो तो रास्तच आहे. रोग उलट दिशेनेही प्रवास करतो. 2010 मध्ये हैतीत शांतिसेनेच्या एका तळावरील सांडपाणी नदीत मिसळून पटकी पसरला आणि जवळपास दहा हजार लोक दगावले.

शेवटी एक असा आजार, ज्याचा संशय आपल्याकडे सहसा कोणाला येत नाही. आफ्रिकेतील तळ्यांत आणि संथ नद्यांत विशिष्ट गोगलगायी असतात. त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या शिस्टोसोमा कृमीच्या डिंभकाला, म्हणजे अळीला, पाणी पिण्याची वाट पाहावी लागत नाही. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या अखंड त्वचेतून तो काही मिनिटांत आत शिरतो. उकाड्याने हैराण झालेल्या जवानाने काठावर पाय धुतले तरी ते पुरते. महिन्यांनी, कधी वर्षांनी लघवीतून रक्त जाऊ लागते आणि मुतखड्याचे निदान होऊन बसते. लघवी किंवा शौच सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यास कृमीची अंडी दिसू शकतात आणि प्राझिक्वांटेल हे औषध बहुधा एकाच दिवसात दिले जाते; मात्र त्यासाठी डॉक्टरांना त्या तळ्याची हकिकत आधी कळायला हवी.