सभा-भाषण (ग्रामीण विदर्भ)

ग्रामीण विदर्भात जाहीर भाषणाची जी रीत रुळली आहे, ती कीर्तनातून आणि खंजेरी भजनातून आलेली आहे. एकाने बोलावे आणि बाकीच्यांनी मुकाट ऐकावे, असे इथल्या सभेत चालत नाही. वक्त्याने विचारायचे, समोरून उत्तर यायचे आणि त्या उत्तराला धरून पुढे जायचे. पारावरची बैठक असो की जयंतीचा मांडव, रंगलेल्या सभेत हेच घडते.

या रीतीचा पाया अमरावती जिल्ह्यातल्या दोघांनी घातला. शेंडगावचे गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. गाव झाडताना गाव कळते; यापेक्षा चांगली पूर्वतयारी कुठल्या वक्त्याने केली असेल असे वाटत नाही. कीर्तनात ते सिद्धान्त सांगत नसत, प्रश्न टाकत. नवसाला बोकड कशाला? सणासाठी कर्ज कशाला? पोरगं शाळेत का नाही? लोक हो-नाही म्हणत, आणि निष्कर्ष शेवटी त्यांच्याच तोंडून बाहेर पडे. अधूनमधून ‘गोपाला गोपाला’चा गजर होई, की पेंगणारेही सावरून बसत.

यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) या बोलण्याला खंजेरीची साथ दिली. दोन कडव्यांच्या मध्ये बोलायचे आणि बोलणे जड होऊ लागले की पुन्हा भजन धरायचे. त्यांनी सुरू केलेल्या गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होते. तिथे प्रसंगी चार शब्द बोलायचे असतात, आणि अनेकांची भीड तिथेच मोडते. तुकडोजींनी लिहिलेल्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय आहेत. त्यातली एखादी ओवी घेऊन ती गावच्या नालीला किंवा पांदण रस्त्याला लावून दाखवायची, हा चांगला सराव. पुढे कीर्तनकार सत्यपाल महाराजांनी एकाऐवजी सात खंजेऱ्या समोर मांडून हाच बाज प्रबोधनासाठी वापरला.

तयारी कागदावर कमी आणि पानठेल्यावर जास्त होते. जाणता वक्ता सभेच्या तासभर आधी गावात पोचतो. कापसाला काय भाव मिळाला, कोणत्या विहिरीचे पाणी आटले, कोणाच्या घरी मौत झाली, कोणत्या दोन पार्ट्या एकमेकींशी बोलत नाहीत, हे चहा पिता पिता काढून घेतो. यातले काही भाषणात येते, काही मुद्दाम येत नाही. खिशात तीन मुद्द्यांची चिठ्ठी पुरते. पाठ केलेले भाषण शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवते, गावच्या सभेत मात्र ते पाचव्या मिनिटाला उघडे पडते. वेळही हंगाम पाहून धरावी लागते. वेचणी चालू असताना दिवसा कोणी फिरकत नाही, आणि उन्हाळ्यात दिवस मावळल्याशिवाय सतरंजी अंथरण्यात अर्थ नसतो.

गुलाबी बोंडअळीवर बोलायचे असेल तर अनुभवी माणूस त्याच शिवारातल्या पऱ्हाटीचे (कपाशीचे) बोंड तोडून आणतो. माईकपाशी उभा राहून आधी काहीच बोलत नाही. बोंड फोडतो, आतली अळी आणि डागाळलेली सरकी पाहतो, आणि ते पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या हाती देतो. बोंड हातोहात मागे सरकते. मग पहिला प्रश्न येतो: “काकाजी, फवारे किती झाले?” “पाच.” “अन् एका फवाऱ्याले लागलं किती?” आकडा समोरून येतो, गुणाकार वक्ता मोठ्याने करतो. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, हे त्यानंतर सांगितले तर पटते. कामगंध सापळे (नर पतंगांना वासाने ओढणारे) वेळेवर लावा, डोमकळ्या (अळी शिरल्याने नीट न उमललेली फुले) दिसताच तोडून नष्ट करा, हा सल्ला सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने सांगितलेला तोच सल्ला लोक माहितीपत्रकासारखा घडी घालून ठेवतात.

भाषेचा प्रश्न नाजूक आहे. वऱ्हाडी किंवा झाडीबोली ज्याच्या घरची आहे त्याने खुशाल बोलावी. बाहेरून आलेल्याने ‘काऊन बा’ म्हणत लाडीगोडी लावली की मागच्या बाजूला पोरे हसू लागतात. त्यापेक्षा साधी प्रमाण मराठी बरी. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारे श्रोते असले, तर दुभाषा सोबत घ्यावा आणि एका दमात एकच वाक्य बोलावे.

खरा शत्रू म्हणजे प्रास्ताविक आणि सत्कार. शाल-श्रीफळ, मग मंचावरच्या प्रत्येकाचे नाव आणि पद. मुख्य वक्ता उभा राहीपर्यंत अर्धा मांडव रिकामा झालेला असतो. अशा वेळी ठरवलेले निम्मे भाषण जागेवर गाळता येणे हे मोठे कौशल्य आहे.

ग्रामसभेतले बोलणे याहून वेगळे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावात विषय आधी अभ्यासगटात चघळला जातो आणि निर्णय सर्वसहमतीने होतो. त्यामुळे तिथे फर्ड्या वक्त्याचे फारसे चालत नाही. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. ती नुसती सह्यांपुरती न उरकता खरोखर भरवली, तर मुख्य सभेत तोंड न उघडणाऱ्या बाया तिथे दारू, पाणी आणि रेशन यांवर माईकशिवाय, बसल्या जागेवरून, नावानिशी बोलतात.